तीस बाइट

सोहार बंदराच्या तिसऱ्या फाटकाशी
पत्र्याच्या केबिनमध्ये
एसी आणि सर्व्हर एकमेकांवर घोरतात.
बारा वाजून गेले तरी बाहेरची हवा
ओल्या टॉवेलासारखी मानेला चिकटते.

या मशीनला बाहेरचं जग ठाऊक नाही,
नेटची वायर मुद्दाम काढलेली.
ड्रायव्हरचा सोर्स पेनड्राइव्हवरून आणला,
हातिमची सही घेऊन, वहीत वेळ टाकून.

गाठोडं सोडलं. कॉन्फिगर म्हटलं.
ते सोयरिकीला आलेल्या पाहुण्यासारखं
एकेक विचारत गेलं:
कंपायलर आहे? आहे.
हेडर फाइली? आहेत.
अमुक लायब्ररी?
नाही.
तिथंच उठलं, चहासुद्धा न घेता.

लायब्ररी मिळवली, तर तिला दुसरी हवी,
दुसरीला तिसरीचं जुनंच रूप हवं.
चौथ्या रात्री मेक सुरू झाला
आणि ओळी चढू लागल्या पडद्यावर
वारुळातून निघाव्यात तशा.

“काय गो, करतंस काय रात्रीची?”
दारात अब्दुल लतीफ मुकादम,
गोड्या पाण्याच्या टँकरवर बावीस वर्षं.
“ड्रायव्हर बनवतेय.”
“मी तिसऱ्या टेस्टला पास झालो होतो. तुझा?”
“याची टेस्ट अजून व्हायचीय.
प्रोग्रॅम मागतो, डेटाबेस देतो,
हा मधल्यामध्ये हेलपाटे घालतो.”
“म्हणजे टँकरच.”
“टँकरच. पाण्याच्या जागी नावं.”

दोनशे बारा चाचण्या सोबत आलेल्या.
दोनशे तेरावी मी घातली, गंमत म्हणून:
दाभोळ खाडीपलीकडचे वेलदूर.
परत आलं ते एवढंच,
दाभोळ खाडी
आणि पुढे काळ्या चौकटीत एक प्रश्नचिन्ह.

मोजलं. आपल्या अक्षराला तीन बाइट लागतात.
तिसाव्या बाइटला “प” दोन तृतीयांश आत,
एक तृतीयांश बाहेर,
दारात बोट चेमटल्यासारखा.

सोर्समध्ये चारशे सहाव्या ओळीशी
कुणीतरी, कुठल्याशा थंड गावात बसून
टीप लिहून ठेवलेली: तीस पुरे.

मग लतीफचा गेटपास मागून घेतला.
जुना ड्रायव्हर याच घराण्यातला.
अरबी अक्षर दोन बाइटांचं, तिसाला नीट तुटतं,
प्रश्नचिन्ह नाही, रक्त नाही.
पासवर त्याचा बाप पाचव्या अक्षरावर संपतो,
इस्माईलचं शेपूट नाही,
आडनाव तर नाहीच.
“मला वाटलेलं,” तो म्हणाला,
“कार्डावर जागाच तेवढी.”

डेटाबेसात नाव पुरं होतं.
आणताना सांडत होतं.

ओळ बदलली: आधी लांबी विचार,
मग त्या मापाचं भांडं आण.
पुन्हा मेक. पुन्हा ओळी.
तोवर त्याने थर्मासमधला सुलेमानी
झाकणात ओतून दिला; लिंबू जास्त, साखर त्याहून जास्त.
एकदा सगळंच कोसळलं, सेगमेंटेशन फॉल्ट,
मोकळं केलेलं भांडं मीच पुन्हा मोकळं करत होते.
तो काही बोलला नाही. टायरवर लाथ मारून आला.

पावणेचारला नवा पास छापला.
उजवीकडून डावीकडे बोट सरकवत
तो बापाच्या शेवटच्या अक्षरावर थांबला,
मग मुकादमवर.
“लांबच आहे की,” म्हणाला,
आणि कार्ड खिशात न घालता हातातच धरलं.

“तुझं गाव आलं काय पुरतं?”
दाखवलं.
तो दाभोळचा; वाचून हसला.
“पलीकडचे? म्हणजे
आमच्या धक्क्यावर उभी राहून लिहिलंस.”

टँकर कॅम्पाकडे गेला.
चाचणीतली ती ओळ मी बदलली नाही.
तारखेची एक अजून पडतेच आहे,
चार तासांचा फरक कुठूनसा येतो.
ती उद्या.